ताम्हिणीची वाट आणि पाठीचा कणा

पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या घाटांपैकी प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. वरंध घाट अरुंद आणि अवखळ, आंबेनळी वळणांनी थकवणारा, तर ताम्हिणी लांबलचक आणि हिरवागार. चांदणी चौक मागे टाकून पिरंगुट, पौड ओलांडले की मुळशीचे विस्तीर्ण पाणी सोबतीला येते. हे धरण मुंबईला वीज पुरवण्यासाठी बांधले गेले आणि आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून येथील मावळे शेतकरी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाला बसले. आज त्या शांत जलाशयाकडे पाहताना खाली बुडालेली गावे दिसत नाहीत. दिसतात ती पलीकडच्या डोंगरांची निळसर रांग आणि पावसाळ्यानंतर सोनकीने पिवळे झालेले उतार.

ही वाट तुम्ही मोटारीतून पाहिली असेल. दुचाकीच्या मागच्या आसनावरून पाहिली असेल, तर तिची आणखी एक ओळख तुमच्यापाशी असेल. ती डोळ्यांनी होत नाही, माकडहाडाने होते.

आमचे गाव दिवेआगर. म्हसळ्याहून बोर्ली पंचतनमार्गे गेले की सुपारीच्या वाड्या सुरू होतात. शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० मधील मराठी ताम्रपट याच गावात सापडला. आमच्या वाडीत सासूबाई एकट्या राहतात. वय ८१, शहरात यायला तयार नाहीत, आणि ते मला समजते. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचे, दोन रात्री राहायचे, हा आमचा नेम. यजमानांनी निवृत्तीच्या सुमारास क्रूझर जातीची मोटारसायकल घेतली आणि सुमारे १६० किलोमीटरची ही फेरी आम्ही तिच्यावरून करू लागलो. दीड वर्षात माझी कंबर इतकी दुखू लागली की महिन्याची फेरी दोन महिन्यांवर गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. अंगणात वाळत घातलेली सोले बरणीत भरून ठेवत राहिल्या. त्या बरण्यांची संख्या वाढलेली पाहिली, तेव्हा या दुखण्याचे मूळ शोधलेच पाहिजे असे मनाने घेतले.

अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासणी केली, नसेवर दाब नसल्याची खात्री केली आणि विचारले, “दुखणे नेमके कोठे सुरू होते?” त्यांना शरीरातले ठिकाण हवे होते. मी उत्तर दिले, “विळ्याच्या पुढे.” ते हसले; पण मग त्यांनी गाडीविषयी जे प्रश्न विचारले, त्यांतूनच पुढचा मार्ग सापडला. तो येथे तुमच्यासमोर ठेवते, कारण घरोघरी अशा गाड्या वाढत आहेत आणि मागे बसणारी व्यक्ती बहुधा मुकाट्याने सोसत असते.

प्रथम शरीराचे पाहू. आपल्या मणक्यांच्या मध्ये २३ चकत्या असतात. मोठ्या माणसात या चकत्यांना स्वतःचा थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो; भोवतालच्या भागांतून झिरपणाऱ्या द्रवावर त्यांचे पोषण चालते. दिवसभराच्या भाराने त्यांतील पाणी थोडे कमी होते, रात्री आडवे झालो की ते परत भरते. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी वरखाली हालचाल सर्वांत जास्त झोंबते, कारण धडाचा स्वतःचा हेलकावा त्याच पट्ट्यात येतो. झोका योग्य वेळी ढकलला की उंच जातो, तसेच हे आहे. अशा कंपनांचा धोका इतका मान्य झालेला आहे की युरोपीय संघाने कामगारांसाठी २००२ साली संपूर्ण शरीराच्या कंपनांवर मर्यादा घालून दिल्या. ट्रॅक्टर आणि अवजड वाहने चालवणाऱ्यांच्या पाठदुखीचे मूळ तेथे शोधले गेले.

आता गाडीचे. क्रूझरचे आसन खाली असते आणि पाय पुढे पसरलेले असतात. बसायला हे ऐसपैस वाटते. पण साध्या मोटारसायकलवर खड्डा दिसला की आपण पायांवर जोर देऊन किंचित उठतो आणि गुडघे धक्का खातात. क्रूझर चालवणाऱ्याला ते साधत नाही. पाय पुढे असल्याने सारा भार बैठकीवर आणि तेथून सरळ कण्यावर येतो. शिवाय आसन खाली आणण्यासाठी मागच्या चाकाला वरखाली होण्याची जागाही बेताचीच ठेवलेली असते. मागे बसणाऱ्याची स्थिती त्याहून अवघड. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये असतो, म्हणून मागच्या चाकाचा धक्का त्याच्यापर्यंत निम्माशिम्मा पोहोचतो. मागचा प्रवासी जवळजवळ चाकाच्या डोक्यावरच असतो. त्याला तो पुरता मिळतो.

या धक्क्यांचा बंदोबस्त करणारी वस्तू म्हणजे मागचे दोन शॉकॲब्सॉर्बर. गॅरेजच्या भाषेत शॉकअप. त्यांत दोन कामे एकत्र नांदतात. स्प्रिंग भार तोलते आणि धक्का साठवून ठेवते. आतली तेलाची नळी तो साठा हळूहळू उष्णतेत रूपांतरित करून जिरवते. नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी डुलत राहिली असती. नुसते तेल असते तर गाडी बसली ती वर आलीच नसती.

यातील पहिली परीक्षा तुम्ही घरीच करू शकता. तिला मोजपट्टी आणि तीन माणसे पुरतात. गाडी सपाट जागी धरून मागचे चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल इतकी उचला आणि चाकाच्या आसापासून वरच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजा. मग दोघांनी नेहमीच्या सामानासह गाडीवर बसावे, तिसऱ्याने गाडी सरळ धरून तेच अंतर पुन्हा मोजावे. दोहोंतील फरक म्हणजे भाराखाली गाडी किती दबली ते. चाकाच्या एकूण वरखाली होण्याच्या जागेपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा दबणे योग्य मानले जाते. आमच्या गाडीला मागे ९० मिलिमीटर जागा होती. म्हणजे २३ ते ३० मिलिमीटर दबणे ठीक. ती दबत होती ४४. निम्मी जागा प्रवासाआधीच संपलेली. माणगावच्या पुढच्या खड्ड्यांत उरलेली जागा संपून स्प्रिंग तळाला टेकत होती आणि तो लोखंडी ठोका माझ्या कमरेत उमटत होता.

अशा वेळी पहिला उपाय फुकटाचा असतो. शॉकअपच्या स्प्रिंगखाली पायऱ्यापायऱ्यांची एक कडी असते. गाडीच्या हत्यारांच्या पिशवीतील वाकड्या पान्याने ती फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवता येते. याला प्रीलोड म्हणतात. दोन्ही बाजूंची पायरी सारखी ठेवावी. एकटे जाताना कमी, दोघे असताना जास्त. मात्र लक्षात असू द्या, प्रीलोडने गाडी वर उचलली जाते. स्प्रिंगचा मूळ कडकपणा बदलत नाही. आम्ही शेवटच्या पायरीवर नेले तरी आकडा ३६ च्या खाली आला नाही. यजमान, मी आणि पिशव्या मिळून १५२ किलो. हा भार गाडीच्या पुस्तिकेतील मर्यादेत होता, पण मूळ स्प्रिंगच्या मानाने जास्त. येथे शॉकअप बदलण्याला अर्थ येतो.

बदलताना काय पाहावे? वर्ष-दोन वर्षे काढलेल्या शॉकअपमधून तेल गळत असेल किंवा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत असेल, तर ती आधी तशीही निकामी आहेत. नवी घेताना तुमच्या दोघांच्या वजनाला साजेशी स्प्रिंग मागावी. अनेक मूळ शॉकअपमध्ये तेल आणि वायू एकाच नळीत असतात. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ चालले की तेलाचा फेस होतो आणि धक्का जिरवण्याची ताकद ओसरते. वरच्या प्रतीच्या जोडीत नायट्रोजन वायू दाबाखाली भरलेला असतो, त्यामुळे फेस होणे टळते. स्प्रिंग परत येण्याचा वेग कमीजास्त करणारा खटका असला तर उत्तम. फार जलद परतली तर मागचा प्रवासी उडतो. फार सावकाश परतली तर लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी खाली खाली बसत जाते.

लांबी मात्र मूळचीच ठेवावी. लांब शॉकअपने गाडीचा मागचा भाग उचलला जातो, पुढच्या चाकाचा कोन बदलतो, वळणावर गाडी चंचल होते आणि बाजूच्या स्टँडवर जास्त कलते. ऐटीसाठी आखूड शॉकअप बसवून गाडी खाली करण्याची हौस तर पाठीच्या मुळावर येणारी. असलेली थोडी जागाही त्यात जाते. नेहमी जोडी बदलावी, एकच कधीही नाही. गाडी नीट टेकवून एका वेळी एकाच बाजूचे काढावे म्हणजे चाक निसटत नाही. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत. नंतर साखळीचा ढिलेपणा, दिव्याचा झोत आणि चाक मडगार्डला घासत नाही ना, हे तपासावे. वायू भरलेली नळी घरी कधीही उघडू नये. आतला दाब इजा करू शकतो.

नवी जोडी बसल्यावर आमचा आकडा २९ झाला. पहिल्या फेरीत ताम्हिणीची वळणे उतरताना फरक जाणवला तो विळ्याच्या पुढे. खड्डा आला, गाडी खाली गेली, वर आली आणि स्थिरावली. ठोका आला नाही. दिवेआगरला पोहोचल्यावर मी अंगणात चालत गेले. पूर्वी खांबाला धरून पाच मिनिटे उभी राहत असे, हे सासूबाईंच्या ध्यानात होते, असे त्या वेळी त्यांच्या नजरेवरून कळले.

तरीही शॉकअप हे औषध नव्हे. दर तासाने उतरा, दहा मिनिटे चाला, कंबर हलकेच मागे वाकवा. या वाटेवर मुळशीचा काठ, विळे आणि म्हसळा हे तीन थांबे पुरेसे होतात. पाणी प्या. टायरमधील हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवा. जादा हवा म्हणजे जादा धक्का. पाठीवर जड पिशवी घेऊ नका, ती गाडीला बांधा. घरी पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम रोज करा. गर्भवती स्त्रियांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि कण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा प्रवासाला निघू नये. पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पाऊल उचलत नसेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर गाडीचा विचार बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

येत्या रविवारी मोजपट्टी घेऊन गाडीपाशी जा. मोजण्याआधी मागे बसणाऱ्या व्यक्तीला एकच प्रश्न विचारा: आपल्या नेहमीच्या वाटेवर दुखणे कोणत्या गावापाशी सुरू होते? उत्तर बहुधा तयार असते. विचारणारे कोणी नसते. आम्ही आता पुन्हा महिन्याच्या फेरीवर आलो आहोत. सोलांच्या बरण्या येताना आमच्याबरोबर पुण्याला येतात, आणि सासूबाईंनी या खेपेस परतीच्या पिशवीत सुपारीचे एक लहान रोपही ठेवले आहे.