पेज, पिठी आणि गोळी



पोटाच्या तक्रारी चारचौघांत सांगू नयेत हे आमच्या पिढीचं वळण. शाळेत असताना पोट बिघडलं तरी रजेच्या अर्जावर "ताप" असंच लिहायचो. त्यामुळे आजचा विषय जरा संकोचानेच घेते आहे. पण लिहायला हवं. आमच्या नात्यातल्या एका मुलीला (नाव सांगत नाही, घरच्यांना कळेलच) पुण्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचं निदान झालं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त जातं, तो आजार. तिचा फोन आला. "मावशी, तू काय काय खातेस ते सगळं लिहून पाठव. मी गोळ्या बंद करून फक्त आहारावर राहणार आहे." पहिलं वाक्य ऐकून बरं वाटलं, दुसरं ऐकून रात्रभर झोप नाही.

मला हे दुखणं २०११ मध्ये लागलं, निवृत्तीनंतर. तरुणपणीच होतं असं पुष्कळांना वाटतं, पण पन्नाशी-साठीनंतरही होतं. आमच्या भागात रक्त पडू लागलं की पहिला शब्द "मूळव्याध". शेजारपाजारच्यांनी दहा उपाय सांगितले. मग आव, मग अमीबा. शेवटी दुर्बिणीने आतडं तपासून, तुकडा काढून निदान झालं तेव्हा माझं वजन बावन्नवरून चव्वेचाळीसवर आलं होतं आणि हिमोग्लोबिन ७.९. जिना चढताना मध्ये बसावं लागे.

दोडामार्गच्या माणसाला मोठं दुखणं म्हणजे गोवा हे पूर्वापार समीकरण. बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय आम्हांला जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा जवळचं वाटतं. १ जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झालं तेव्हा इथे केवढा गदारोळ झाला ते तुम्हांला आठवत असेल. असो, तो वेगळा विषय.

या दुखण्यात वेदनेपेक्षा धास्ती मोठी. म्हापशाच्या एस.टी.त बसायचं तर आधी उपाशी राहायचं. लग्नाला गेलं की नवरानवरी पाहण्याआधी "मागची सोय" कुठे आहे ते बघायचं. एकदा दिवसाला बारा-चौदा वेळा जावं लागत होतं, तेव्हा आमच्या ह्यांनी रात्री न्हाणीघराचा दिवा बंदच करू दिला नाही. त्यावर दोघंही काही बोललो नाही.

बाईंची खोड जात नाही, म्हणून मी एक वही केली. पाठाचं टाचण काढायचो ना, तशीच आखलेली. डावीकडे तारीख आणि जे पोटात गेलं ते, उजवीकडे किती वेळा, रक्त आहे की नाही, झोप कशी. डॉक्टरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "हे चालू ठेवा. दुसऱ्याचा तक्ता तुम्हांला चालणार नाही." तेच मी त्या मुलीला सांगते आहे. माझी वही तिला पाठवून काय उपयोग? दूधच घ्या. १९६१ मध्ये ट्रूलव्ह नावाच्या ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी काही रोग्यांचा आजार दुधाने उसळतो असं लिहिलं होतं. पण दूध सगळ्यांनाच बाधतं असं नाही. मला चहातलं चालतं, पेलाभर प्यायलं की संध्याकाळी वहीत शेरा. ताकाचं मात्र काही वाकडं नाही.

आजार उसळला की माझं स्वयंपाकघर पन्नास वर्षं मागे जातं. उकड्या तांदळाची पेज. तांदूळ चांगले शिजवायचे, अगदी बोटाने चिरडले जातील इतके, आणि पहिले दोन दिवस वरचं पाणीच मीठ घालून प्यायचं. मग गुरगुट्या भात, त्यावर चमचाभर तूप. मग सालं-बिया काढलेला दुधी, लाल भोपळा, तेही मिरचीशिवाय शिजवून घोटून. पिकलेलं केळं. (केळी आमच्याकडे मुबलक, हत्तींनी ठेवली तर! २००२ च्या सुमारास कर्नाटकातून उतरले आणि तिलारी खोऱ्यातल्या बागा त्यांनी आपल्याच समजल्या.) चौथ्या-पाचव्या दिवशी मुडदुशांचं पातळ सार. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला मुडदुशे द्यायचे हे आमच्या आज्यांना कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण पचायला त्यासारखं दुसरं नाही.

या दिवसांत टाकळ्याची भाजी नाही, फणस नाही, भाजलेले काजूगर नाहीत, काळ्या वाटाण्याचं सांबारं तर लांबूनच. चोथा सुजलेल्या आतड्याला घासतो, दुसरं काय! तिखटाचं म्हणाल तर ते व्रण पाडत नाही, पण असलेल्या व्रणांवर हाल करतं. आमची शेजारीण अजून म्हणते, "बाईनू, सोलकडी घेवा, पॉट थंड जाता." सोलकढी मला प्राणापलीकडे आवडते. पण लसूण-मिरची आणि नारळाचा दाट रस यांची गाठ पोट शांत असतानाच घालायची.

लोक दुसऱ्या टोकालाही जातात. बरं वाटायला लागलं तरी सहा-सहा महिने पेज आणि भात! त्याने ताकद जाते, रक्त भरून येत नाही. आजार निवला की हळूहळू सगळं परत आणायचं, एका वेळी एकच जिन्नस, तीन दिवस वहीत पाहायचं. नाचणीची आंबील, घावणे, कुळथाची पिठी, ओल्या काजूगरांची उसळ असं करत मी बऱ्यापैकी पानभर जेवते. आतड्यातल्या चांगल्या जंतूंनाही काही खायला लागतंच की. २०२० मध्ये या आजाराच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी आहाराबद्दल जे सुचवलं त्यात लाल मांस कमी करा आणि मासे खा असं आहे, गोळीतलं तेल नव्हे, प्रत्यक्ष मासे. हे वाचून मी बांगड्याकडे नव्या आदराने पाहिलं. बांगडा, तारली ही आमची गरिबाची मासळी, आणि त्यांतलं तेलच कामाचं निघालं.

त्याच तज्ज्ञांनी कारखान्यातल्या पदार्थांत दाटपणासाठी घालतात त्या काही द्रव्यांपासून जपून राहायला सांगितलंय. तेव्हापासून दुकानात भिंग घेऊन जाते. ४०७, ४३३, ४६६ हे आकडे पाकिटावर दिसले की पाकीट परत फळीवर. दुकानदार हसतो. हसू दे.

आता हळदीचं. २००६ मध्ये जपानात ८९ रुग्णांवर प्रयोग झाला. रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. लगेच सगळ्यांनी हळदीचं दूध सुरू केलं. जरा हिशेब करा. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे दोन ग्रॅमसाठी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद रोज, पाव किलोचं पाकीट चार दिवसांत संपणार! शिवाय ज्यांनी ते घेतलं ते सगळे आपली नेहमीची औषधंही घेतच होते. हे वाक्य मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपांत कधी नसतं.

ती मुलगीही हुशार. तिने मला स्पेनमधला १९९९ चा प्रयोग दाखवला. इसबगोलाच्या जातीचं बी घेणाऱ्यांचा आजार वर्षभर जवळजवळ मेसालामाईनच्या गोळीइतकाच शांत राहिला. "मग मी काय वेगळं म्हणते?" म्हणाली. मी म्हटलं, बाळ, ते सगळे आधीच शांत झालेले रुग्ण होते, संख्या थोडी होती आणि डॉक्टर त्यांच्यावर नजर ठेवून होते. तुझं अजून रक्त थांबलेलं नाही.

आणि माझं २०१७. वहीत एक रेघ वाकडी नाही, तिखट नाही, बाहेरचं नाही, गोळ्या वेळेवर. तरी ऐन श्रावणात उसळला. स्टिरॉइड सुरू झालं, मग आठवड्या-आठवड्याला कमी करत थांबवलं. चेहरा सुजून मोदकासारखा, चतुर्थीला पाहुणे म्हणाले, "बाई, तब्येत सुधारली!" आहाराने सगळं होत असतं तर ते व्हायला नको होतं. जपानचे पंतप्रधान आबे यांना याच आजारापायी २००७ आणि २०२०, दोनदा पद सोडावं लागलं. त्यांना काय पथ्याचं जेवण मिळत नसेल? आठ वर्षं होऊन गेली की कर्करोगासाठी ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणीही करावी लागते, आणि आतडं आतून सुजलंय का ते पेजेने कळत नाही, तपासणीनेच कळतं.

तिला हे सगळं फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गोळी घेते, पण तू रोज रात्री विचारशील?" म्हटलं, विचारीन. गेले तीन आठवडे रात्री नऊला विचारते. तिनेही वही केली आहे, पण तिची मोबाईलमध्ये. काल तिच्या वहीत "रक्त नाही" असं पहिल्यांदा आलं, आणि खाली "पेजेत लोणचं चालेल का?" मी "अजून नाही" असं कळवलं आहे.