कडप्पा

कडप्प्याला आंबट सोसत नाही. चिंचेचा कोळ, आमसुलाचं पाणी, पिळून टाकलेली लिंबाची फोड, ताकाच्या पातेल्याखालचा ओघळ, यातलं काहीही अंगावर थोडा वेळ राहिलं की त्याची काळी कातडी तेवढ्याच जागी पांढुरकी पडते. आणि अशा गृहस्थाला आपण नेमणूक कुठे दिली, तर मराठी स्वयंपाकघराच्या ओट्यावर! रोजच्या आमटीत चिंच-गूळ, पोह्यांवर लिंबू, उन्हाळाभर सोलकढी नाहीतर ताक. स्वभावाच्या इतक्या उलट जागी बसवलेला दुसरा नोकर शोधून सापडायचा नाही. तरी त्यानं दोन पिढ्या नोकरी केली. कुरकुर केली ती फक्त अंगावरच्या ठिपक्यांतून.

दोष त्याच्या जातीचा आहे. दिसतो काळा, पण आहे चुनखडीचा. अंगात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्लाशी त्याचं जन्माचं वैर. पुसून कोरड्या केलेल्या कडप्प्यावर लिंबाचा थेंब टाका आणि डोळे अगदी जवळ न्या. थेंबाच्या तळाशी टाचणीच्या टोकाहून बारीक बुडबुडे धरायला लागतात. तो कार्बन डायऑक्साइड. जरा वेळानं पुसलंत की खाली नाण्याएवढा निस्तेज ठिपका उरतो. त्याला आपण डाग म्हणतो, पण तिथे बाहेरून काही लागलेलं नसतं, तिथला दगडच खाल्ला गेलेला असतो. म्हणून पावडर, तारेची घासणी, खायचा सोडा, कशानंही तो जात नाही. घासणाऱ्याचा जीव मात्र जातो.

तेलाशी त्याचं चांगलं जमतं. सणावाराच्या आधी जुन्या बायका ओटा धुऊन वाळवायच्या आणि खोबरेल तेलाच्या फडक्यानं एक हात फिरवायच्या. पुढचे चार दिवस तो असा काळाभोर दिसायचा, की पाहुण्यांनी वळून बघावं. पाचव्या दिवशी पुन्हा मूळपदावर.

गाव आंध्र प्रदेशातलं, कडप्पा जिल्हा आणि आसपासचा मुलूख. आडनाव म्हणून गावाचंच नाव लावतो. जमिनीवर गवताचं पातंही उगवलेलं नव्हतं तेव्हा कुठल्याशा समुद्राच्या तळाशी थरावर थर बसत गेले, त्यांचा हा दगड झाला. थरांचा असल्यामुळे खाणीत तो थराथरानं सुटतो आणि सपाट लादी फारशी मेहनत न घेता हाती येते. म्हणून स्वस्त. याचा भाऊबंद शहाबादी, कलबुर्गीकडचा. तोही चुनखडीचाच, पण रंगानं करडा-निळसर. तो जमिनीवर अंथरला गेला, हा ओट्यावर चढला. शहाबाद काय आणि कडप्पा काय, दोन्ही स्टेशनं मुंबई-मद्रास लोहमार्गावरची.

आता कुणी विचारेल, महाराष्ट्र एवढा दगडांचा देश, मग ओट्यासाठी पाहुणा का बोलवावा लागला? आपला दगड बेसाल्ट. लाव्हारसाचा, घट्ट, कणखर. त्याचा पाटा-वरवंटा होतो, जातं होतं, घाट आणि देवळं होतात, पण त्याची पातळ, रुंद लादी सहजासहजी निघत नाही. किल्ला बांधायला सह्याद्री पुरला, पण पोळ्या लाटायला सपाट जागा हवी झाली तेव्हा आंध्राकडे बघावं लागलं.

आणि ती सपाट जागा कंबरेच्या उंचीवर हवी झाली, ती माझ्या मते गॅसच्या सिलिंडरमुळे. त्याआधीचा स्वयंपाक बैठा होता. चूल किंवा शेगडी, पुढे वातीचा स्टोव्ह, समोर पाट, आणि हात पुरेल तेवढ्या अंतरात अख्खं स्वयंपाकघर. पन्नासच्या दशकात मुंबईत बर्मा-शेल कंपनीनं स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली, आणि पुढे हळूहळू तो मध्यमवर्गीयांच्या घरात पोचला. गॅसच्या शेगडीच्या अटी दोन. सिलिंडरच्या पातळीपेक्षा ती वर हवी, आणि पेट घेईल अशा कशावर ठेवायची नाही. म्हणजे लाकडी टेबल बाद. शेगडी वर गेली, तिच्या मागोमाग बाई पाटावरून उठून उभी राहिली, आणि दोघींना आधार द्यायला कडप्पा पुढे आला. वर एक आडवा, खाली तीन-चार उभे, त्यातल्या दोघांच्या मधे सिलिंडर. गवंड्यानं दोन दिवसांत उभा केलेला हा सांगाडा कित्येक घरांत पुढे कुणी हलवलाच नाही.

असा एखादा जुना ओटा नीट बघा. शेगडीच्या डाव्या हाताची कड तुटलेली असते, कारण नारळ फोडायची जागा तीच. तिथून दगडाचा पापुद्रा सुटलेला असतो. थर हीच त्याची सोय आणि थर हेच त्याचं मरण. पोळपाट रोज जिथे टेकतो तिथे त्याच्या तीन पायांनी तीन गुळगुळीत वाट्या कोरलेल्या असतात. त्यात नवल नाही. काठिण्याच्या मोजपट्टीवर चुनखडी तीनच्या आसपास आणि पोलादी सुरी साडेपाचच्या घरात, म्हणजे भाजी चिरताना सुरी घसरली तरी ओरखडा कडप्प्यालाच. मोरीकडच्या सांध्यात सिमेंट काळं पडलेलं. आणि मधेच कुठेतरी बरणीच्या बुडाएवढं एक स्वच्छ वर्तुळ. लोणच्याची बरणी कधीतरी पाझरली होती, त्याची ही पावती.

घराचं रिनोव्हेशन निघालं की पहिली कुऱ्हाड याच्यावर पडते. चाळीस वर्षांची सोसायटी, टू बीएचके, हॉलची फरशी बदलून झालेली. मिस्त्री हातोडीच्या दांड्यानं ओट्यावर दोनदा ठोकतो आणि म्हणतो, "काकू, हे सगळं काढून टाकू. आजकाल कोण ठेवतं कडप्पा?" काकूंना तो काढायचाच असतो. इतकी वर्षं घासला आहे त्यांनी, त्यांना प्रेमाचे उमाळे येत नाहीत. येतात ते मुलाला, ज्यानं त्या ओट्यावर कधी चहाचा कपसुद्धा विसळला नाही. सून मोबाइलवर पांढऱ्याशुभ्र ओट्याचे फोटो दाखवते. काकू बघतात आणि एवढंच विचारतात, "अगं, यावर हळद सांडली तर?"

काकूंचा हा प्रश्न घेऊनच दुकानात जावं. तिथे सगळे ओट्याचे उमेदवार भिंतीला टेकून, पाणी मारून, दिव्याखाली उभे असतात, आणि पाणी मारल्यावर कुठलाही दगड देखणा दिसतो.

मार्बलला आत शिरताच नमस्कार करून पुढे व्हावं. रूप कितीही देखणं असलं तरी तो कडप्प्याचाच गोरा चुलतभाऊ. तेच कॅल्शियम कार्बोनेट, तीच आंबटाची भीती, आणि वर हळदीचा धोका. त्याला देवघरात बसवा.

क्वार्ट्झ हा सध्याचा मानकरी. खाणीतून निघालेली लादी म्हणून त्याच्याकडे बघू नका, तो कारखान्यात जमवलेला आहे. वजनाच्या हिशेबानं नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा, बाकी रेझिन आणि रंग, आणि सगळं दाबून केलेली लादी. तंत्र मूळचं इटलीतल्या ब्रेटन कंपनीचं. लिंबाला तो हिंग लावून विचारत नाही, पाणी पीत नाही, रंग पाहिजे तो मिळतो. त्याचं दुखणं वेगळं, त्याला चटका बसतो. दीडशे अंशांच्या पुढे रेझिन धीर सोडायला लागतं, आणि आपल्या फोडणीचं तेल सहज त्याच्या वर जातं. तवा उतरवून सरळ ओट्यावर टेकवायची सवय तर घराघरात आहे. चटक्याचा पिवळट चट्टा एकदा उमटला की उमटला. कडप्प्यानं मात्र आयुष्यभर तापलेले तवे मुकाट्यानं झेलले, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

क्वार्ट्झबद्दल आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. तो कोरडा कापला की जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका ठासून भरलेली असते, आणि ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. लाद्या कापणाऱ्या तरुण कामगारांना हा आजार होऊ लागला म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम लाद्यांवर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण इतकी नाही. आपल्याकडे कापाकापी चालते ती इमारतीच्या पार्किंगमध्ये, कोरड्या ग्राइंडरनं, आणि कारागिराच्या तोंडाला रुमाल. त्या रुमालानं ही धूळ अडत नाही. दगड कुठलाही घ्या, कापताना पात्यावर पाणी सोडायला लावा आणि मास्क द्या. लाखाच्या खर्चात हे काहीच नाही.

राहिला काळा ग्रॅनाइट. बाजारात त्याला ग्रॅनाइट म्हणतात, भूशास्त्रज्ञ म्हणत नाहीत. काळे म्हणून विकले जाणारे पुष्कळसे दगड गॅब्रो किंवा डोलेराइट जातीचे असतात, म्हणजे आपल्या बेसाल्टचेच नातेवाईक. तशाच रसाचे, फक्त जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेले. सोनेरी ठिपक्यांचा जो 'ब्लॅक गॅलेक्सी' लोक हौसेनं घेतात तो आंध्रातल्याच प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा. म्हणजे ओट्याची नोकरी आंध्राबाहेर गेलीच नाही, फक्त माणूस बदलला. हा आंबटाला भीत नाही, सुरीला दाद देत नाही, हळद त्यावर दिसत नाही, गरम कढई ठेवली तरी तक्रार नाही. खोड एकच. काळ्या अंगावर काळ्या मुंग्या आणि झुरळाची पिल्लं दिसत नाहीत, कणीक मात्र दोन चिमटी सांडली तरी साऱ्या घराला दिसते. घेताना एक खबरदारी घ्या. पांढऱ्या फडक्याला नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन लावून लादीवर घासा. फडकं काळं झालं तर दगडाचा काळेपणा डब्यातला आहे, दुसऱ्या दुकानात जा.

वजनाचा हिशेबही करून ठेवा. १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार-पाच किलो भरतो. दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे शंभर किलोंच्या आतबाहेर नुसता वरचा दगड, त्यावर मिक्सर, भांडी आणि नारळ फोडणारे हात. हे कोण पेलणार? इथे ट्रॉलीवाला आणि मिस्त्री यांचं भांडण लागतं. ट्रॉलीवाल्याला प्लायवूडचे खोके हवे असतात, कारण कडप्पा त्याचं गणित बिघडवतो. एका टोकाला सव्वा इंच, दुसऱ्या टोकाला दीड, काटकोनाशी देणंघेणं नाही. पाच उभे कडप्पे लावले की सहा-सात इंच जागा तेच खातात. ट्रॉलीवाल्याचं म्हणणं खोटं नाही. पण सिंकखालचा पाइप कधी ना कधी ठिबकतोच, आणि ठिबकणाऱ्या पाण्यात प्लाय फुगतो, त्याचे पदर सुटतात, मागून वाळवी येते. कडप्पा त्याच पाण्यात वर्षानुवर्षं पाय बुडवून उभा राहतो. आंबट त्याला मारतं, साधं पाणी नाही.

म्हणून मी मिस्त्रीच्या बाजूचा. कडप्प्याला झोपवलं ही आपली चूक होती, तो उभं राहण्याच्या लायकीचा दगड आहे. ज्यांच्या घरी आडवा कडप्पा अजून धडधाकट आहे आणि खिसा आत्ता तयार नाही, त्यांनी पॉलिशवाल्याला बोलवून मशीन फिरवून घ्यावी. वरचा खाल्लेला थर निघून जातो, पुढची काही वर्षं निभतात. पण नवीन करायचंच असेल तर वर काळा ग्रॅनाइट, सिंकच्या दोन्ही बाजूंना आणि सिलिंडरच्या कप्प्याला उभे कडप्पे, बाकीच्या कोरड्या भागात हवं तर प्लाय. जुने उभे कडप्पे सरळ निघाले तर तेच धुऊन पुन्हा लावा, त्यांना काही झालेलं नसतं. आणि ओट्याची उंची मिस्त्रीच्या सवयीनं चौतीस इंच ठरू देऊ नका. घरात पोळ्या जो कोणी लाटतो त्याला भिंतीशी उभं करा, कोपरात हात वाकवायला सांगा, आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली पेन्सिलनं खूण करा.