चालणं, चालवणं आणि ‘रन’

आमच्या ऑफिसात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं क्रियापद ‘रन’ असावं. कोड रन होतो, टेस्ट रन करायच्या असतात, रात्री दोनला कुठलासा जॉब रन होतो आणि तो झाला नाही तर ज्याची पाळी असेल त्याचा फोन वाजतो. अशा वेळी काय करायचं हे ज्यात लिहिलेलं असतं, त्याला ‘रनबुक’ म्हणतात. कंपनीच्या खात्यातले पैसे अजून किती महिने पुरतील, तो ‘रनवे’. एवढं सगळं धावत असताना आम्ही मात्र दहा-दहा तास खुर्चीत बसून असतो.

या क्रियापदाचा पसारा खरोखरच मोठा आहे. ऑक्सफर्डचा इंग्रजी महाकोश १९२८ साली पहिल्यांदा पूर्ण झाला, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे सुधारित आवृत्तीच्या कामात हा मान ‘रन’कडे गेला. पीटर गिलिव्हर या कोशकारांनी नऊ महिन्यांहून अधिक काळ खपून या एका क्रियापदाच्या ६४५ अर्थछटा वेगळ्या केल्या. २०११मध्ये याची बातमीही झाली होती.

त्यातल्या रोजच्या वापरातल्या चार-पाच घ्या. इंग्रजीत कपड्याचा रंग ‘रन’ होतो, आपला जातो. इंग्रज माणूस ताप ‘रन’ करतो, आपल्याला तो येतो. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी धावतो. ब्रिटनमधला उभा राहतो, आणि आपलाही उभाच राहतो. इंग्रजीत नाकसुद्धा ‘रन’ होतं. हे ऐकायला गमतीदार वाटतं, पण जुन्या इंग्रजीतल्या मूळ शब्दाला धावणं आणि वाहणं असे दोन्ही अर्थ होते. त्याच कुळातलं जर्मन ‘रिनेन’ आजही वाहण्या-झिरपण्यासाठीच वापरतात.

यंत्रांच्या बाबतीत मात्र आपण धावत नाही, चालतो. घड्याळ चालतं, पंखा चालतो, दुकान, खटला, नाटक, सरकार, सगळं चालतं. फ्रेंच लोकही यंत्र नीट काम करतंय हे सांगायला पायी चालण्याचंच क्रियापद वापरतात. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसराच फरक. इंग्रजीत प्रोग्रॅम ‘रन’ होतो आणि मीही तो ‘रन’च करते, शब्द एकच. मराठीत प्रोग्रॅम चालतो आणि मी तो चालवते. मध्ये एक ‘व’ येतो, आणि त्या ‘व’बरोबर एक माणूस येतो.

हा ‘व’ किती जड असतो, ते मला घरी कळलं. इचलकरंजीत बाबांचे आठ यंत्रमाग होते. आमच्याकडे कामगाराची ओळखच ‘चार माग चालवतो’, ‘सहा माग चालवतो’ अशी करून देतात. सुताचे दर वर-खाली होत राहिले, वीजबिल वाढलं, व्यापाऱ्याकडून पैसे उशिरा यायला लागले, शेजारच्या शेडमध्ये ऑटोलूम आले. शेवटी माग भंगारात वजनावर गेले. बाबा एवढंच म्हणाले, “माग चालत होते गं, धंदा चालला नाही.” काही महिन्यांनी एका लग्नात काकांनी हेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. “दादाला धंदा चालवता आला नाही.” बाबा शेजारीच जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घटना एकच, वाक्यं दोन. पहिल्यात धंदा आपल्या गतीने थांबतो, दुसऱ्यात तो एका माणसाच्या हातून बुडतो.

आमच्या क्षेत्रात याची एक रीत आहे. सिस्टिम बंद पडली की नंतर अहवाल लिहितात, आणि त्यात मुद्दाम कुणावर बोट ठेवत नाहीत. ‘अमक्याने जॉब रन केला नाही’ असं न लिहिता ‘जॉब रन झाला नाही’ असं लिहायचं आणि मग कारणं शोधायची. नावं घेतली की लोक माहिती लपवतात, हा त्यामागचा अनुभव. बाबांचं वाक्य तसंच होतं. सुताचा दर त्यांच्या हातात नव्हता, विजेचाही नव्हता.

पण हेच वाक्य दुसऱ्या तोंडीही ऐकलंय. आधीच्या कंपनीत एका सकाळी आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना काढलं, तेव्हा व्हिडिओ कॉलवर कारण सांगितलं गेलं ते ‘रनवे संपला’ असं. जणू धावपट्टी आपोआप आखडत गेली. खर्च ठरवणारं, भरती करणारं कुणी नव्हतंच. तिथे तो ‘व’ हवा होता. कंपनी कुणीतरी चालवत होतं.

म्हणून कुणी ‘चाललं नाही’ म्हणालं की आता मी एक गोष्ट बघते: निर्णय त्याच्या हातात किती होते? फारसे नसतील तर त्याचं वाक्य तसंच राहू द्यावं. काकांनीही ते राहू द्यायला हवं होतं. बाबा हल्ली दुसऱ्याच्या शेडमध्ये देखरेखीचं काम करतात. रविवारी फोनवर मी विचारते, “कसं चाललंय?” ते म्हणतात, “चाललंय की.” कोण चालवतंय, ते मला माहीत असतं.