थांबलेलं घड्याळ



गेल्या महिन्यात आमच्या वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ पडलं. मधल्या सुट्टीत कुणाचा तरी चेंडू लागला असावा. मी वर्गात आले तर काच फुटलेली, आणि सगळी मुलं हाताची घडी घालून अगदी शहाण्यासारखी बसलेली!

"कुणी पाडलं रे?"

एकही हात वर नाही. मग मागून आवाज आला, "बाई, त्यानंच पाडलं असंल." बोट होतं एका मुलाकडं. तो नेहमी उशिरा येणारा, अंगात मळका सदरा. बिचारा मान खाली घालून गप्प. मी रागवायला तोंड उघडलं आणि एकदम थांबले. मला आमच्या आबांचं घड्याळ आठवलं.

आबा म्हणजे माझे आजोबा. गेवराई तालुक्यातलं आमचं उमापूर, आणि तिथं आमचं धाब्याचं घर. त्या घरात एकच वस्तू अशी होती, की जिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ती म्हणजे आबांचं सोन्याचं खिशातलं घड्याळ. १९४८ सालापर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आबांचे वडील हैदराबादला एका व्यापाऱ्याकडं मुनीम होते. तीस वर्षं हिशेब चोख ठेवला म्हणून शेठजींनी त्यांना ते बक्षीस दिलं होतं.

काय त्याचा थाट! पातळ सोन्याची डबी, नाजूक साखळी, निळे काटे आणि दुधासारखी पांढरी तबकडी. लग्नकार्याला जातानाच आबा ते खिशात घालायचे. एरवी ते मखमली कापडात गुंडाळून पेटीत असायचं. रोज सकाळी सात वाजता आबा पेटी उघडायचे, घड्याळाला किल्ली द्यायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे.

मी तेव्हा चौथीत होते. साल १९९६. रविवार होता. आबा सकाळीच बैलगाडी घेऊन शेतात गेले होते. आमच्या सालगड्याचा मुलगाही त्यांच्याबरोबर कापूस वेचायला गेला होता. तो माझ्याच वर्गात होता. दुपारी आजी शेजारी गेली आणि मी हळूच पेटी उघडली. घड्याळ कानाला लावलं. टिकटिक टिकटिक... किती गोड आवाज! तेवढ्यात दाराची कडी वाजली. मी दचकले. घड्याळ हातातून सुटलं आणि थेट शहाबादी फरशीवर!

उचलून पाहिलं. टिकटिक बंद. पांढऱ्या तबकडीवर केसासारखा बारीक तडा. माझे हातपाय गार पडले. मी ते तसंच कापडात गुंडाळलं आणि पेटीत ठेवून दिलं.

संध्याकाळी आबा परतले. तो मुलगा कापसाचं गाठोडं ठेवायला माजघरात आला आणि ठेवून गेला. थोड्या वेळानं आजीनं काहीतरी काढायला पेटी उघडली आणि एकच ओरडली. "कुणी हात लावला याला?"

मी काय बोलले असेन? "तो आला होता ना मघाशी आत."

बस्स, एवढंच बोलले. आजीनं त्याला बोलावून नाही नाही ते सुनावलं. "उद्यापासून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही!" तो रडला नाही. नुसता माझ्याकडं बघून निघून गेला. ते बघणं मी अजून विसरले नाही.

आबा काही बोलले नाहीत. कंदिलाच्या उजेडात त्यांनी घड्याळ बराच वेळ न्याहाळलं. मग मला जवळ बसवून विचारलं, "बाळ, यात किती वाजलेत?"

"दोन वाजून वीस मिनिटं."

"सकाळी सातला मी किल्ली दिली तवा ते चालत होतं. मंग दोन वीसला हे लेकरू कुठं होतं?"

"शेतात... तुमच्यासंगं."

"घड्याळ बंद पडलं तरी खरं बोलतंय बघ," आबा म्हणाले. मला हुंदका फुटला. आबांनी मारलं नाही. फक्त म्हणाले, "मला सांगून काय उपेग? ज्याला लागलं त्याला सांग." त्या रात्री मी त्यांचा हात धरून त्याच्या घरी गेले आणि त्याच्या आईसमोर सगळं कबूल केलं. पाठोपाठ आजीही आली. "लेकरा, चुकलं माझं," म्हणाली.

पुढच्या बाजारच्या दिवशी आबा मला घेऊन गेवराईच्या घड्याळवाल्याकडं गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडलं. आत एक चिमुकलं चाक असतं. ते एका सेकंदात पाच ठोके देतं, म्हणजे तासाला अठरा हजार! त्याचा केसाएवढा आस पडल्यामुळं मोडला होता. तो त्यांनी नवा बसवला. पण तडा? ते म्हणाले, "ही तबकडी रंगवलेली नाही. ही मिनाकामाची आहे. तांब्याच्या पातळ चकतीवर काचेची बारीक पूड पसरून भट्टीत सुमारे आठशे अंशांवर तापवतात. काच वितळून तांब्याला चिकटते. असं दोन-तीन वेळा करतात. मग आकडे काढून पुन्हा भाजतात. शंभर वर्षं झाली तरी ती पिवळी पडत नाही. पण शेवटी काचच ती! एकदा तडकली की सांधत नाही. वरून रंग देऊ का?"

मुलांनो, तुमच्या आजीकडं एनॅमलचा पांढरा मग असेल तर पाहा. तो असाच बनतो, फक्त आत तांब्याऐवजी लोखंड असतं. म्हणून तर टवका उडाला की काळं दिसतं.

आबांनी मान हलवली. "रंग नको. राहू द्या तडा."

आबा आता नाहीत. घड्याळ माझ्याकडं आहे. एक सराफ म्हणाले, "बाई, डबी अठरा कॅरेटची आहे. म्हणजे शंभरात पंचाहत्तर भाग सोनं. वजनावर घेतो." मी दिलं नाही. त्या तड्याचं वजन त्यांच्या काट्यावर कसं होणार?

त्या दिवशी वर्गात मी कुणालाच रागावले नाही. घड्याळ कुणी पाडलं, हेही पुन्हा विचारलं नाही. तुम्हाला सांगितली तीच गोष्ट मुलांना सांगितली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी एक मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. ज्यानं बोट दाखवलं होतं, तोच. बराच वेळ चुळबूळ करून म्हणाला, "बाई, चेंडू माझा होता."

मी काही बोलायच्या आत त्यानंच विचारलं, "आता मला त्याच्या घरी जावं लागंल ना?"

"एकटा जातोस का मी येऊ?" मी म्हटलं.

"तुम्ही या," तो म्हणाला.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं निघालो.