थिजणं

गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात माझी नऊ वर्षांची लेक स्टेजवर कविता म्हणताना तिसऱ्या ओळीला अडकली. खाली आल्यावर म्हणाली, "आई, आय वॉज पेट्रिफाइड! मराठीत काय म्हणतात गं?"

"दगड झाले, असं म्हणायचं," मी सांगून मोकळी झाले. भारतात शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे उत्तर कुठेतरी चुकलंय हे टोचत राहिलं.

इंग्रजी शब्दात दगड आहेच. 'पेत्रा' म्हणजे ग्रीकमध्ये खडक. भीतीने गोठण्याचा अर्थ मागाहून आला. मूळचा अर्थ आम्ही या उन्हाळी सुटीत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्कमध्ये पाहिला. तिथली झाडं २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी नदीच्या गाळात गाडली गेली. ज्वालामुखीच्या राखेतली सिलिका पाण्यात विरघळून लाकडात झिरपली आणि लाकडाच्या जागी हळूहळू गारगोटी तयार झाली. ओंडक्याचा आकार, गाठी दिसतात, पण हात लावला की गार दगड.

एका ओंडक्यापाशी मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. जाता आलं नाही. अंत्यविधी फोनवर पाहिला. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दुसऱ्या दिवशी उठून पोळ्या केल्या. "ताई दगड झालीय," असं धाकटा भाऊ कुणाला तरी म्हणाला, ते माझ्या कानावर आलं. मराठीत भित्र्याला कुणी दगड म्हणत नाही. ज्याला काही वाटेनासं होतं, तो दगड. तेव्हापासून मलाही तसंच वाटायचं. वरून सगळं जिथल्या तिथे, आतलं मात्र बदललेलं.

घरी परतल्यावर आईला फोनवर पार्कच्या गमती सांगताना लेकीचा तो जुना प्रश्नही सांगितला. आई हसली. "अगं, स्टेजवर पोर दगड कशाला होईल? थिजली म्हण. तूप थिजतं तशी."

इतका घरातला शब्द, आणि मला सुचला नव्हता! तूप थिजतं, भीतीने माणूस थिजतो, वाट पाहून डोळेही थिजतात.

आई क्षणभर थांबली. "बाबांच्या वेळी तूही थिजलीच होतीस. दगड काय म्हणतात मेले!"

फोन स्पीकरवर होता. लेकीने विचारलं, "आजी, मग थिजलेलं परत नीट कसं होतं?"

"वाटी उन्हात ठेवायची बाळा. घाई नाही करायची."

मी सिंककडे तोंड करून भांडी विसळत होते. चार वर्षांनी डोळ्यांना पाणी आलं. नळ तसाच चालू ठेवला.