मांडवापुरती सावली

पुतणीचे लग्न ठरले, याद्या झाल्या, देण्याघेण्याचा विषय दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी काढलाच नाही, आणि आता सारे सुरळीत पार पडणार अशा समाधानात मी ओसरीवर सुपारी कातरीत बसलो होतो. एवढ्यात माजघराच्या दारातून आवाज आला, "काका, माझं लग्न बागेत लावायचं हं!"

अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"बागेत?" दादाने विचारले. "कुणाच्या?"

दादाचा प्रश्न वावगा नव्हता. आमच्याकडे बाग म्हणजे संत्र्याची, नाहीतर केळीची. तिला मालक असतो, विहीर असते आणि बहुधा सोसायटीचे कर्जही असते. अशा बागेत लग्न लावायचे म्हणजे आधी पाटाचे पाणी आठ दिवस बंद ठेवायचे, नाहीतर अंतरपाटाआधी नवरदेवाचा जोडाच चिखलात राहायचा! पण पुतणीच्या मनातली बाग ही नव्हे. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात कुठल्याशा थंड देशातले एक काचेचे घर होते. आत वेली, वर आभाळ, पांढऱ्या खुर्च्यांच्या दोन ओळी, आणि त्यांच्यामधून फुलांचा गुच्छ घेऊन चाललेली वधू. चित्र सुंदर होते, यात शंका नाही. ते पाहून झाल्यावर मी सहज अंगणाकडे पाहिले. तेथे तुळस होती, कण्हेर होती, आणि कण्हेरीला बांधलेले वासरू होते.

मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे हे आमचे गाव काळ्या जमिनीचे आणि कपाशीचे. येथे मुलीने बाग मागावी हा तसा हट्टच. पण पोर गुणी. आजवर तिने कधी काही मागितलेले नाही. दादा म्हणाला, "पाहून तर येऊ. पाहायला काय पैसे पडतात?"

पहिल्यांदा आम्ही मलकापूरच्या रस्त्याला एक 'लॉन' पाहिले. पूर्वी लग्न अंगणात होई. मग ते मंगल कार्यालयात गेले. आणि आता मंगल कार्यालयाच्या पाटीवर 'व लॉन्स' ही दोन अक्षरे जोडल्यावाचून पाटी पुरी होत नाही. हिरवळ एकच असली तरी अनेकवचन! मी मराठीचा मास्तर, त्यामुळे असल्या गोष्टी मला उगाच खुपतात. हिरवळ मात्र खरीच होती, आणि कपाशीच्या वावरातून गेलेल्या माणसाला तर ती डोळ्यांवर थंड पाण्याचा हबका मारल्यासारखी वाटली. पुतणीने चपला काढल्या आणि ती गवतावरून चार पावले चालली. तिचा चेहरा पाहून दादा तेथेच पैसे भरतो की काय, अशी मला भीती वाटली.

मी व्यवस्थापकाला विचारले, "याला पाणी किती लागतं हो?"

"बोअर आहे ना, सर!" तो म्हणाला.

हे काही उत्तर नव्हे. मग मी मनातल्या मनात गणित मांडले. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी सोडायचे तर एक लिटर लागते. एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. आमच्या उन्हाळ्यात गवत हिरवे राखायला दिवसाला पाच मिलिमीटर तरी हवेत. म्हणजे झाले वीस हजार लिटर. दहा हजारी टँकर धरले तर दोन. रोजचे दोन! आमच्या जिल्ह्यात ज्या महिन्यांत बायका टँकरच्या वाटेवर हंडे मांडून बसतात, नेमके तेच लग्नसराईचे महिने. हे मी कुणाजवळ बोललो नाही. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने यजमानाच्या पाण्याचा हिशेब करू नये.

पुढचा हिशेब त्यांनीच सांगितला. आचारी त्यांचा, सजावटवाला त्यांचा, जनरेटरचे डिझेल वेगळे. वाजंत्री रात्री दहाला बंद. हा मात्र त्यांचा नियम नव्हे, 2000 सालापासून ध्वनिक्षेपकाला देशभरच तो लागू आहे. एका दिवसाचे भाडे ऐकल्यावर दादाने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला आणि मोठ्या गंभीरपणे एका पामच्या कुंडीकडे तो पाहत राहिला. परतीच्या वाटेवर तो एवढेच म्हणाला, "नाल्याकाठचा एक एकर काढला तर बसतं गणित." पुतणी खिडकीबाहेर पाहत होती. तिने ऐकले की नाही, हे मला कळले नाही.

माझे मन असे की, अडचण समोर आली की ते जुन्या गोष्टींत जाऊन बसते. आमच्या प्रांताचे नाव वऱ्हाड, आणि लग्नाला निघालेल्या मंडळींनाही आपण वऱ्हाडच म्हणतो. लोक या नावाचा धागा रुक्मिणीपर्यंत नेऊन भिडवतात. पण गंमत पाहा, या रुक्मिणीच्या लग्नाला तिच्या माहेरी जागाच मिळाली नाही! वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर तिचे माहेर. तेथे मांडव पडला होता तो दुसऱ्याच नवरदेवासाठी. तिला कृष्णाने देवीच्या दर्शनाहून परस्पर रथात घेतले, आणि लग्न लागले ते, परंपरा सांगते त्याप्रमाणे, थेट गुजरातच्या समुद्रकाठी, माधवपूरला. तेथे रामनवमीपासून त्या लग्नाची जत्रा अजून भरते. म्हणजे विदर्भातल्या सर्वांत गाजलेल्या लग्नाला आचारीही नव्हता आणि जनरेटरही नव्हता.

कायदाही याबाबतीत आपल्याला मोकळे सोडतो. 1955 चा हिंदू विवाह कायदा सप्तपदीचे सातवे पाऊल मोजतो. ते कुठे टाकावे याबद्दल तो चकार शब्द काढीत नाही. उलट इंग्लंडात, जेथली मंडळी बागेसाठी एवढी वेडी, तेथे 1 जुलै 2021 पर्यंत सरकारी पद्धतीचे लग्न उघड्या बागेत लावताच येत नसे. डोक्यावर मान्यताप्राप्त छप्पर लागे. आभाळाखाली लग्न लावण्याची मुभा त्यांना मिळाली ती साथीच्या दिवसांत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे मात्र लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास, असा हुकूम निघाला होता. आमच्या आळीतले एक लग्न तेव्हा अंगणातच लागले. मी त्या पंचविसांत नव्हतो, पण गच्चीवरून अक्षता टाकल्या.

असो. लॉन बारगळले, तरी काचघराचे वेड पुतणीच्या डोक्यातून जाईना. मी तिला समजावून सांगितले, "अगं, काचघर ही थंड मुलखाची गरज. ऊन आत घ्यायचं आणि ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, यासाठी ते बांधतात. 1851 साली लंडनला पॅक्सटननं प्रदर्शनासाठी मोठा काचमहाल उभा केला. तो पॅक्सटन मुळात माळीच. बंगळूरच्या लालबागेतही 1889 पासूनचं काचघर आहे. पण बंगळूरची हवा वेगळी. आपल्याकडे वैशाखात काचेखाली दोनशे माणसं बसवलीस, तर जेवणात पापड तळायला नकोत."

"पण आपल्याकडे पण असतात ना तशी घरं," ती म्हणाली. "देऊळगाव राजाकडे मामांच्या शेतात आहे."

ते शेडनेट. दादाच्या सासुरवाडीचे लोक त्या भागात मिरचीचे आणि टोमॅटोचे बी तयार करतात, आणि आमंत्रणेही द्यायची होतीच, म्हणून गेलो. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर हिरवी जाळी, आत ओळीने बांधलेली रोपे, आणि त्या गार हिरव्या उजेडात खाली वाकून काम करणाऱ्या बायका. क्षणभर मलाही वाटले, काय हरकत आहे? मामांनी मात्र आम्हांला दाराशीच थांबवले. बाहेरची माणसे आत सोडीत नाहीत. हातांच्या नि कपड्यांच्या संगतीने झाडांचा रोग आत येतो. त्यातून तंबाखू खाणारा पाहुणा तर अगदीच नको! मी खिशातली डबी आणखी आत सरकवली.

तेथल्या एका बाईंनी मला ते काम बाहेरूनच दाखवले. आदल्या दिवशी उमलू पाहणाऱ्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग आणून तिच्यावर लावायचा, आणि खूण करून ठेवायची. एकेक फूल, हाताने. एवढे सांगून बाई हसून म्हणाल्या, "आमच्या इथं रोज शेकड्यांनी लग्नं लागतात, मास्तर. तुमच्या एकाला जागा नाही."

एवढे हसलो आम्ही! पुतणीसुद्धा. पण हसता हसता मी वर पाहिले, तर जाळीला ठिकठिकाणी टाके घातलेले. मामा म्हणाले, वावटळ आली की पहिली ही जाते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ-मराठवाड्यातला कोणता शेतकरी विसरला असेल? आणि आम्ही त्याच महिन्यांतला मुहूर्त पाहत होतो.

घरी येऊन आम्ही हे सारे आईला सांगितले. आई बाजेवर पडून ऐकत होती. आताशा ती फार उठत नाही. सगळे ऐकून झाल्यावर तिने आढ्याकडे पाहतच विचारले, "पोरीले बागच पाह्यजे ना? मंग आमराई कायले तोडली व्हती?"

कुणी बोलले नाही. हा प्रश्न माझ्यासाठी होता, हे तिघांनाही ठाऊक होते.

नाल्याकाठच्या त्याच एकरात आमच्या आजोबांनी लावलेली अकरा आंब्याची झाडे होती. कलमी नव्हेत, गावरान, कोयीची. एकाची साखऱ्या, एकाची शेपू, एकाची नुसतीच आंबट. पण सावली सगळ्यांची सारखी. 2004 साली धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. मुलाकडच्यांना कार्यालय हवे होते. खरे सांगायचे तर मलाच हवे होते! मी नुकताच नोकरीला लागलेला. सहकाऱ्यांना काय शेतात जेवायला बसवायचे? आंब्याला तोडीची परवानगी लागते; 1964 च्या कायद्यात तो आहे. तो अर्ज मी लिहिला. माझे अक्षर चांगले आहे. दहा झाडांचे पैसे आले, कार्यालय ठरले, पंखे फिरले, फोटो निघाले. त्या कार्यालयाचे छत कसे होते, हे आज मला विचाराल तर सांगता येणार नाही.

आजी त्या लग्नाला आली नाही. "टेम्पोत चढवत नाही," म्हणाली. ती तेव्हा रोज पायी शेतात जात असे.

अकरावे झाड उरले, ते आमच्या शहाणपणाने नव्हे. ते बांधावर आहे, आणि बांध कुणाचा याबद्दल शेजाऱ्याचे व आमचे एकमत झाले नव्हते. तो वाद अजून आहे, झाडही आहे.

दुसऱ्या दिवशी पुतणी मला घेऊन तेथे गेली. कपाशी उभी होती. झाडाखाली ती बराच वेळ उभी राहिली. खोडांच्या जागा आता दिसत नाहीत, नांगराने सारे सपाट झाले आहे. तरी मी तिला अंदाजाने एकेक जागा दाखवली. तिने मोबाइल काढला नाही. मग म्हणाली, "काका, ज्याच्या पायी हा एकर विकावा लागेल, ते लॉन मला नको. इथंच लावू." म्हणजे गाडीत तिने ऐकले होते.

त्यानंतरचे सारे बेत व्यवहाराचे. फेब्रुवारी सोडायचा आणि मार्गशीर्षातला मुहूर्त धरायचा. तोवर पहिली वेचणी होऊन झाडाभोवतीचा तुकडा मोकळा होईल. अवकाळी तेव्हाही येऊ शकते, म्हणून बिछायत केंद्रातून ताडपत्री सांगून ठेवायची. जेवणाच्या पंगती घराच्या अंगणात, कारण विहीर आणि वीज तेथे आहे. शेतात फक्त लग्न. मुहूर्तमेढीला उंबराची फांदी, दाराला केळीचे खुंट. शेजाऱ्याला आमंत्रण द्यायला दादा स्वतः गेला. बांधाबद्दल दोघेही बोलले नाहीत. मात्र त्याने आपल्या बाजूचे काटेरी कुंपण काढतो म्हणून सांगितले. व्याह्यांना मी फोन केला तेव्हा छातीत धडधडत होते. ते एवढेच म्हणाले, "मास्तर, गाडी तिथवर जाते ना? मग झालं."

काल भर दुपारी दादा आणि मी सावली मोजायला गेलो. मुहूर्त बाराच्या सुमाराचा आहे, त्यामुळे त्याच वेळेची मोजायला हवी. दादा सावलीच्या कडेने पावले टाकीत फिरला आणि मी वहीत मांडत गेलो. एका माणसाला उभे राहायला किती जागा, भटजींना किती, होमाला किती, असे करीत करीत चाळीस माणसे बसली. बाकीच्यांना कनात.

संध्याकाळी मी आईला वही वाचून दाखवली. यंदा तुळशीच्या लग्नाला अंगणात उसाचा मांडव मोठा घाला, असे तिने मधेच सुचवले. पोरीला सवय होईल, म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, "तठी माही बाज मावन का रे?"

बाजेला चार माणसांची जागा लागते. मी चाळीस खोडले आणि छत्तीस लिहिले.