ठोकळा फिरेपर्यंत

आकारांचा डबा घरात आला की मोठी माणसं तो भरायला बसतात आणि मूल रिकामा करायला. यात मुलाचं चुकत नाही. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला वस्तू धरता येते, पण ठरवून सोडणं अजून नीट जमत नाही. पकड तर जन्मासोबतच येते. नवजात बाळाच्या तळहातावर बोट टेकवा, मूठ आपोआप वळते. ती मूठ मनात येईल तेव्हा, हव्या त्या जागी उघडायला मात्र वर्ष उजाडतं. तोवर हातातली वस्तू नुसती सुटते. म्हणून सुरुवातीचे कितीतरी दिवस हा खेळ उपसण्याचाच असतो. झाकण काढायचं, डबा पालथा करायचा, फरशीवरचा खडखडाट ऐकायचा आणि आजीकडे बघायचं. आजीने भरून द्यायचा. मला हे काम मनापासून आवडतं. भरलेला डबा रिकामा होतो, रिकामा पुन्हा भरतो, आणि आत गेलेली वस्तू नाहीशी झालेली नसते. माझी नात हे रोज नव्याने पडताळून बघते. जगावर भरवसा बसायला माणसाला एवढी तरी खात्री लागतेच.

मग एक दिवस तिचा हात झाकणावर येऊन थांबतो. डब्याच्या लाकडी झाकणाला चार भोकं आहेत: गोल, चौकोनी, त्रिकोणी आणि चांदणीचं. हातात त्रिकोण. खाली त्रिकोणाचंच भोक. तरी जात नाही. ती दाबते, जोर लावते, ठोकळा आपटते. मग हात किंचित वर उचलला जातो, आणि तिथे काही क्षण काहीच होत नाही.

मला लिहायचं आहे ते या काहीच न होण्याबद्दल. कारण नेमकी हीच वेळ साधून घरातलं कुणीतरी पुढे होतं. कधी आई, कधी काका, कधी पेढे द्यायला आलेल्या शेजारच्या मावशी. बाळाचं मनगट धरून ठोकळा वळवतात, ठोकळा आत पडतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. बाळही वाजवतं, कारण टाळ्या त्याला आवडतात. पण ठोकळा फिरवला मावशींनी. बाळाच्या वाट्याला आला तो नुसता आवाज.

स्वीडनमध्ये उप्साला इथे क्लेस फॉन हॉफस्टन आणि त्यांच्या सहकारी हेलेना अर्नक्लू यांनी याच थांबलेल्या हाताकडे बारकाईने पाहिलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चौदा ते सव्वीस महिन्यांची मुलं होती. वस्तू भोकात घालायची आहे हे सगळ्यांनाच उमगलं होतं, आणि सगळ्यांना त्यात रसही होता. पण लहानगी मुलं वस्तू होती तशीच भोकावर टेकवत आणि मग खटपट करत. बावीस महिन्यांची मुलं आडवा पडलेला ठोकळा भोकाशी नेण्याआधी बहुतेक वेळा उभा करू लागली होती, भोकाशी तो दर वेळी जुळत नसला तरी. सव्वीस महिन्यांच्या मुलांचा हात भोकाशी पोचेपर्यंत ठोकळा निदान थोडाफार तरी योग्य दिशेला वळलेला असे. मधल्या या वर्षभरात काय घडतं? जे फिरवणं आधी बोटांनी चुकतमाकत व्हायचं, ते हळूहळू डोक्यात होऊ लागतं. ठोकळा हवेत असतानाच मूल त्याला मनातल्या मनात वळवून बघतं. पुढे गणितात, नकाशे वाचताना, अवघड जागी गाडी लावताना आपण हेच करत असतो.

मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी आपल्या लुसिएन या मुलीबद्दल लिहून ठेवलेला एक प्रसंग मला पुनःपुन्हा आठवतो. ती तेव्हा सोळा महिन्यांची होती. काड्यापेटीत घड्याळाची साखळी होती आणि पेटीला फट ठेवलेली होती अगदी बारीक. बोट घालून साखळी निघेना. लुसिएन थांबली, फटीकडे टक लावून बघत राहिली, आणि तिने स्वतःचं तोंड उघडलं. आधी थोडं, मग मोठं, मग आणखी मोठं. त्यानंतर फटीत बोट घालून तिने पेटी उघडली. ‘उघडणं’ हा शब्द तिच्यापाशी नव्हता, म्हणून तिने तो ओठांनी करून पाहिला. पियाजे तिचे वडील होते. साखळी काढून देणं त्यांना सहज जमलं असतं. ते बघत बसले, म्हणून ते तोंड उघडणं आपल्यापर्यंत पोचलं.

या खेळाचा मूळपुरुष शोधत गेलं तर हात एदुआर सेगाँ यांच्यापाशी पोचतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये या फ्रेंच माणसाने अशा मुलांना शिकवायला घेतलं, ज्यांना शिकवता येतं यावर त्या काळी कुणाचा विश्वास नव्हता. फळीत कोरलेल्या खाचा आणि त्यांत नेमके बसणारे लाकडी आकार हे त्यांचं साधन. मारिया माँटेसरी यांनी सेगाँचं जाडजूड पुस्तक शांतपणे समजून घ्यावं म्हणून स्वतःच्या हाताने भाषांतर करून उतरवून काढलं. १९०७ साली रोममध्ये सान लोरेन्झोच्या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत एकेका जाडीचे, एकेका उंचीचे दट्टे बसवायचे, ही त्यांची कल्पना आपल्या बालवाड्यांपर्यंत येऊन पोचली. दट्टा चुकीच्या खाचेत गेला की शेवटचा दट्टा बसायला जागाच उरत नाही. चूक कुणी सांगावी लागत नाही, लाकूडच सांगतं आणि तेही आवाज न चढवता. सेगाँची ती फळी अजून वापरात आहे. आपल्याकडे मुलाची बौद्धिक वाढ तपासताना दहा आकार त्याच्यापुढे ठेवतात आणि वेळ मोजतात. तपासणीला घड्याळ हवंच. माझी विनंती एवढीच, की ते तपासणीच्या खोलीत राहू दे. घरातल्या सतरंजीवर ते नको. ‘अमुकचा मुलगा दीड वर्षाचा असताना सगळे आकार लावायचा’ हे वाक्यही एक घड्याळच आहे.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या तेव्हा पेटीबंद महागडी साधनं तिथल्या पाड्यांवरच्या मुलांना परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, पानं, खडे, बिया यांनाच साधन केलं, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आकारांचा डबा विकत न घेताही घरात असतोच. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या रिकाम्या करून द्या. सोऱ्या द्या, त्याच्या चकत्यांसकट. शेवेची बारीक भोकं, चकलीची चांदणी, पापडीची लांबट फट, आणि सगळ्या चकत्या एकाच नळीत बसणाऱ्या. माझ्या नातीने चकलीच्या चकतीत आधी करंगळी घालून पाहिली. मग डोळा लावला आणि त्यातून माझ्याकडे बघितलं.

बिया-खडे मात्र तीन वर्षांच्या आत नकोत. या वयात प्रत्येक वस्तूची पहिली चौकशी तोंडात होते. खेळण्यांची सुरक्षितता तपासणाऱ्यांकडे एक छोटं नळकांडं असतं, आतला व्यास ३१.७ मिलिमीटर. जो सुटा भाग त्यात पूर्ण मावतो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, असं धरतात. चिंचोका त्यात केव्हाच गडप होतो. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे. रस्त्यावरून घेताना तो जरूर बघावा.

आणि बोलणारे डबे घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ठोकळा पडला की दिवा लागतो आणि आतून कुणीतरी आकाराचं नाव ओरडतं. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधा डबा आणि बोलका डबा यांची तुलना झाली. जागेचे, दिशेचे, आकाराचे शब्द आईवडिलांच्या तोंडी साध्या डब्यापाशी जास्त आले. बाळाला ‘त्रिकोण’ हे नाव उशिरा कळलं तरी काही बिघडत नाही. ‘जरा फिरव’, ‘टोक वर कर’, ‘इकडून नाही, पलीकडून’, ‘आत गेला’ हे शब्द त्याला घरच्या आवाजात हवेत, आणि तेही हात मांडीवर ठेवून म्हटलेले.

मदत करायचीच असेल तर ती खेळ मांडताना करावी. पहिल्यांदा बाकीची भोकं कापडाने झाकून फक्त गोल उघडं ठेवावं, कारण गोल कसाही फिरवला तरी जातो. मग चौकोन. एका पूर्ण फेऱ्यात चौरस चारदा जुळतो, समभुज त्रिकोण तीनदाच. चांदणीला पाच संधी असतात, पण तिची टोकं एकही चूक पोटात घालत नाहीत, म्हणून ती सगळ्यात शेवटी.

परवा नातीने गोल ठोकळा आडवा केला आणि चौकोनी भोकातून आत ढकलला. बरोबरच आहे, नळकांडं बाजूने पाहिलं की चौकोनीच दिसतं. जावई म्हणाले, ‘‘आई, हे चुकलं ना?’’ मी म्हटलं, ‘‘गेला की नाही आत?’’ तिने डबा पालथा केला, तोच ठोकळा शोधला आणि तसाच पुन्हा घातला. आता हा रोजचा उद्योग झाला आहे. त्रिकोणी ठोकळा मात्र डब्यात जायचा बंद झालाय. तो समोसा असतो, आणि दुपारी चहाच्या वेळी मला तो पैसे मोजून घ्यावा लागतो.